खुर्चीसकट खेळाडू मोजायचा

मुरलीकांत पेटकर म्हटलं की ३७.३३ सेकंद हा आकडा आठवतो. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या या जवानानं ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत तेवढ्या वेळात जिंकली आणि जागतिक विक्रम केला. भारताचं हे पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर गोळ्या लागून त्यांचं कंबरेखालचं शरीर लुळं पडलं होतं. ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आल्यापासून ही गोष्ट घरोघरी पोचली. पण त्याच हायडेलबर्गमध्ये पेटकर व्हीलचेअरच्या स्लॅलममध्येही उतरले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. मला मात्र त्यांच्या पदकाइतकंच त्या स्लॅलमचं कुतूहल वाटतं.

स्लॅलम म्हणजे अडथळ्यांची आखलेली वाट. खांबांमधून वळणं घ्यायची, काही ठिकाणी उलटं जायचं, उंचवटा चढून उतरायचा आणि हे सगळं व्हीलचेअरवर बसून, घड्याळ चालू असताना. चूक झाली की वेळेत दंडाचे सेकंद मिळवायचे. १९६४ च्या टोकियो स्पर्धांपासून हा प्रकार पॅरालिम्पिकमध्ये होता. पुढे तो कार्यक्रमातून गेला. पण आज व्हीलचेअर बास्केटबॉलचा किंवा रग्बीचा प्रशिक्षक कोर्टवर प्लॅस्टिकचे कोन मांडून स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, तेव्हा तो जवळजवळ तेच करत असतो. फरक एवढाच की त्याला पदक द्यायचं नसतं. गेल्या दोन महिन्यांच्या सरावानं हा मुलगा वळायला चपळ झाला की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं.

आपल्याकडे दिव्यांग माणसाची मोजणी होते ती वेगळ्याच मापानं. भिवंडीतला माणूस असो की शहापूरचा, सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभं राहून, म्हणजे बऱ्याचदा बसून, तो एक प्रमाणपत्र मिळवतो आणि त्यावर टक्केवारी लिहिलेली असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणाचे आणि योजनांचे दरवाजे उघडतात. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘८० टक्के’ लिहिलेला कागद हा माणूस ५ मीटर अंतर किती वेळात कापेल याबद्दल काहीच बोलत नाही. एकाला लहानपणी पोलिओ झालेला, दुसरा कामावर उंचावरून पडून पाठीचा मणका मोडलेला. दोघांचे कागद सारखे असू शकतात आणि कोर्टवर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पोलिओवाल्याला धडाचा तोल असतो, पायांत जाणीव असते, घाम नेहमीसारखा येतो. मणकावाल्याच्या बाबतीत इजा कोणत्या पातळीवर आहे त्यावर हे सगळं ठरतं. टक्केवारी काय गेलं ते सांगते. खेळाच्या प्रशिक्षकाला काय उरलंय आणि ते किती वाढवता येईल, ते हवं असतं.

व्हीलचेअरवरचे कोर्टचे मुख्य खेळ चार. बास्केटबॉल अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी सुरू केला. कोर्ट तेच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बास्केटही त्याच ३.०५ मीटर उंचीवर. रग्बी १९७७ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात जन्मला, तो हातांनाही इजा झालेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना बास्केटबॉलमध्ये चेंडू नीट पकडता येत नव्हता त्यांच्यासाठी. त्यात खुर्च्या एकमेकींवर आदळतात आणि ते नियमात बसतं. टेनिस १९७६ मध्ये अमेरिकेच्या ब्रॅड पार्क्सनं रुजवलं. चेंडूला दोन टप्पे चालतात, दुसरा टप्पा कोर्टबाहेर पडला तरी हरकत नाही. बॅडमिंटन सर्वांत उशिरा, टोकियो २०२० मध्ये पॅरालिम्पिकला आलं. व्हीलचेअरच्या एकेरीत कोर्टाची अर्धीच रुंदी वापरतात आणि जाळीजवळची पट्टी बाद धरतात. म्हणजे तिथे खेळाडू सतत पुढे-मागे करतो, आणि मागे जाणं पुढे जाण्याइतकंच महत्त्वाचं ठरतं. हे लक्षात न घेता बॅडमिंटनवाल्याची फक्त सरळ धाव मोजली, तर अर्धा खेळ मोजायचा राहिला.

चारही खेळांत एक गोष्ट सारखी आहे. लांब पल्ल्याची सलग धाव कुठेच नाही; सुटणं, थांबणं, वळणं आणि पुन्हा सुटणं हेच चालू असतं. भिवंडीत ताग्यांनी भरलेली हातगाडी ढकलणाऱ्या माणसाला विचारा, जोर कधी लागतो. गाडी जागची हलवताना. एकदा चाकं फिरायला लागली की मग नुसता हात लावून ठेवायचा. व्हीलचेअरचंही असंच आहे. पहिल्या दोन-तीन पुशमध्ये खेळाडूचं वजन, खुर्चीचं वजन आणि थांबलेल्या चाकांचं जडत्व एकदम अंगावर येतं. म्हणून जगभर २० मीटरची धाव घेतात तेव्हा शेवटच्या वेळेइतकंच लक्ष पहिल्या ५ मीटरकडे असतं. चांगला बास्केटबॉल खेळाडू २० मीटर साधारण ५ ते ६ सेकंदांत जातो, पण सामन्यात चेंडूपाशी आधी कोण पोचलं हे बहुतेक वेळा त्या पहिल्या ५ मीटरमध्ये, सुमारे दोन सेकंदांत, ठरून गेलेलं असतं.

आणि इथेच आपल्या हातातलं स्टॉपवॉच दगा देतं. माणसाचा अंगठा बटणावर पडायला वेळ लागतो. सुरुवात आणि शेवट मिळून एक-दोन दशांश सेकंदांचा घोळ सहज होतो. २० मीटरच्या पाच-साडेपाच सेकंदांत तो एक वेळ खपून जाईल. दोन सेकंदांच्या मोजणीत दोन दशांश म्हणजे तब्बल १० टक्के. सरावानं खरी सुधारणा झाली ती ५ टक्के असेल, तर ती या घोळात बुडून जाते. प्रयोगशाळेत यासाठी प्रकाशकिरणांची फाटकं लावतात. किरण तुटला की घड्याळ थांबतं. ती महाग असतात. पण आज बऱ्याच मोबाइलमध्ये स्लो-मोशनला सेकंदाला २४० चित्रं घेता येतात, म्हणजे दोन चित्रांमधलं अंतर सुमारे ४ हजारांश सेकंद. मोबाइल तिवईवर ठेवायचा, रेषेच्या अगदी काटकोनात. तिरका ठेवला तर चाक रेषेवर येण्याआधीच आल्यासारखं दिसतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेसाठी दोन मोबाइल वापरणार असाल तर दोन्हीत ऐकू येईल अशी एक टाळी वाजवायची आणि तिच्यावरून दोन्ही चित्रफिती जुळवून घ्यायच्या. मग चित्रं मोजायची. कंटाळवाणं काम आहे, पण आकडा भरवशाचा मिळतो.

सुटतानाच्या बारकाव्यांनाही महत्त्व आहे. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं स्वतःभोवती गोल फिरतात. खेळाडू रेषेपाशी येऊन जरा मागे सरकला असेल तर ती उलट्या दिशेला वळलेली राहतात, आणि पहिल्या पुशचा थोडा जोर ती सरळ करण्यात वाया जातो. म्हणून दर वेळी पुढे येऊनच थांबायचं आणि लहान चाकं रेषेच्या मागे ठेवायची. खेळाडूला खुर्चीत घट्ट धरणारे पट्टे प्रत्येक प्रयत्नाला सारखेच आवळायचे. टायरमधली हवा मोजून भरायची. खेळाच्या खुर्चीत ती १०० पीएसआयच्या वर ठेवतात, आणि ६० वर आलेल्या टायरवर घेतलेली चाचणी टायरची होते, खेळाडूची नव्हे.

सामान्य धावपटूच्या चाचणीत बूट बदलले तर थोडासा फरक पडेल. व्हीलचेअरच्या खेळाडूची चाचणी नेहमीच दोघांची असते, शरीराची आणि खुर्चीची. बास्केटबॉलच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात, साधारण १५ ते २० अंशांनी. त्यानं खुर्ची कडेला कलंडत नाही, वळते झटकन, आणि दोन खुर्च्या घासल्या तरी बोटं चेपत नाहीत. मागे एक छोटं चाक असतं, जोरात पुश केल्यावर उलटी पडू नये म्हणून. बसण्याची उंची नियमानं बांधलेली आहे. धडावर ताबा कमी असणाऱ्यांना ६३ सेंटिमीटरपर्यंत, जास्त असणाऱ्यांना ५८ सेंटिमीटरपर्यंत. उंच बसलं तर बास्केट जवळ येतं, पण चाकापर्यंत हात कमी पोचतो आणि तोल बिघडतो. अशी देवाणघेवाण प्रत्येक मापात आहे. रुग्णालयातून मिळालेल्या घडीच्या, जाडजूड खुर्चीत बसवून एखाद्या मुलाची वेळ घेतली आणि ‘हा मंद आहे’ असं लिहून टाकलं, तर ती वेळ खुर्चीची लिहिली गेली. आपल्या जिल्हा पातळीवरच्या निवडींत हे सर्रास होऊ शकतं, कारण खेळाची खुर्ची परवडणं हीच बहुतेकांची पहिली अडचण असते.

खुर्चीबद्दलच्या समजुती चाचणीनं कशा हलतात याचं एक उदाहरण इंग्लंडचं आहे. लफबरो विद्यापीठात दिव्यांगांच्या खेळासाठी पीटर हॅरिसन सेंटर आहे. लहान चाक लवकर सुटतं आणि मोठं चाक पुढे वेग देतं, म्हणून झटपट हालचालीच्या खेळाला २४ इंची चाकच बरं, असं खेळाडूंमध्ये बोललं जायचं. तिथल्या संशोधकांनी बास्केटबॉल खेळाडूंना २४, २५ आणि २६ इंची चाकांवर बसवून मैदानी चाचण्या घेतल्या. २६ इंची चाकांवर २० मीटरची वेळ सुधारली, आणि सुटण्यात किंवा वळण्यात तोटा दिसला नाही. याचा अर्थ सगळ्यांनी उद्या चाकं बदलावीत असा नाही. हाताची लांबी, बसण्याची उंची, इजेची पातळी यांनी गणित बदलतं. पण समजूत तपासून बघता येते, आणि तपासायला एक मोकळं कोर्ट आणि चाकांच्या तीन जोड्या लागतात, एवढं खरं.

टेनिसमध्ये तर हातात रॅकेट असतं. त्याच हातानं चाकाची कडीही ढकलायची असते. रॅकेट धरून आणि रॅकेटविना अशा दोन्ही धावा मोजल्या तर रॅकेटसह वेग कमी पडतो, हे मोजून दाखवलेलं आहे. म्हणून टेनिसवाल्याची चाचणी रॅकेट हातात देऊनच घ्यायला हवी. बास्केटबॉलमध्येही एक फेरी चेंडूशिवाय आणि एक चेंडूसह घेतात, कारण दोनदा पुश केल्यावर चेंडू टप्पा घेऊन उचलावा लागतो. दोन वेळांमधला फरक सांगतो की खेळाडू कमी पडतोय तो ताकदीत की चेंडू हाताळण्यात.

आता वळण्याकडे येऊ. पायांवर खेळणाऱ्यांसाठीच्या चपळाईच्या नामांकित चाचण्या, उदाहरणार्थ ‘टी’ चाचणी, जशाच्या तशा इथे चालत नाहीत, कारण त्यांत आडवं सरकावं लागतं आणि व्हीलचेअर आडवी सरकत नाही. हाताच्या अंतरावर उजवीकडे असलेल्या चेंडूसाठीही आधी खुर्ची वळवावी लागते. एक हात चाक मागे ओढतो, दुसरा पुढे ढकलतो. त्यामुळे ‘टी’ चाचणीत आडवं सरकण्याऐवजी वळून सरळ जायला सांगतात. इलिनॉय चाचणी मात्र बरीचशी तशीच वापरता येते: १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकट, मध्ये ओळीत चार कोन, त्यांच्यामधून नागमोडी जाऊन परत यायचं. डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन्ही बाजूंनी घ्यायची. दोन वेळांत मोठा फरक निघाला तर प्रशिक्षकानं खेळाडूला दोष देण्याआधी त्याचे खांदे आणि खुर्चीचं संरेखन तपासावं. एका बाजूच्या खांद्यात लपलेलं दुखणं अशाच फरकातून आधी कळतं.

खांदा हा इथे वेगळाच विषय आहे. धावपटूचा गुडघा दुखला तर तो आठवडाभर बसून राहील. व्हीलचेअर वापरणाऱ्याला त्याच खांद्यांवर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, रिक्षात चढायचं असतं. म्हणून चाचणीत प्रयत्न मोजकेच ठेवायचे, दोन किंवा तीन, मध्ये पुरेशी विश्रांती द्यायची, आणि त्यातली सर्वांत चांगली वेळ लिहायची.

दमाची मोजणी हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी मांडलेली १२ मिनिटांची धाव शाळेत अनेकांनी केलेली असेल; व्हीलचेअरवरही ती घेतात, १२ मिनिटांत किती अंतर झालं ते मोजून. मॉन्ट्रियलच्या ल्यूक लेजेर यांची २० मीटरची ‘बीप’ चाचणीही शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांना ठाऊक असते. पण २० मीटरवर थांबून उलटं वळायचं, यात व्हीलचेअरवाल्याचा बराच जोर थांबवण्यात आणि परत सुटण्यात जातो. दम लागण्याआधी हात थकतात. यावर तोडगा म्हणून चौकोनाचे कोपरे कापून केलेली अष्टकोनी वाट आखली गेली. बेल्जियमच्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेल्या चाचणीत खेळाडू अशा वाटेवर गोल गोल फिरतो, ताशी ६ किलोमीटरपासून सुरुवात होते आणि दर मिनिटाला वेग थोडा वाढतो; ध्वनीबरोबर वेळेत ठरल्या जागी पोचता येईना, की चाचणी संपली. १५ मीटर बाय १५ मीटरची जागा पुरते, म्हणजे बास्केटबॉलच्या कोर्टाची रुंदी. दुसरीकडे स्पेनमधल्या संशोधकांनी फुटबॉलवाल्यांची यो-यो चाचणी १० मीटरच्या फेऱ्यांवर आणली, बास्केटबॉलसाठी. तिथे थांबणं-सुटणं मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण खेळातही तेच असतं. मला विचाराल तर बास्केटबॉल आणि रग्बीसाठी मी ही दुसरी निवडीन. पहिली हृदय-फुप्फुसांची क्षमता जास्त स्वच्छ दाखवते, दुसरी सामन्यात उपयोगी पडणारा दम दाखवते.

हृदयाचे ठोके मोजून दम ओळखायचा, हा मात्र इथे फसवा मार्ग आहे. ‘२२० वजा वय’ हे व्यायामशाळांच्या भिंतीवरचं सूत्र मानेच्या मणक्याला पूर्ण इजा झालेल्या माणसाला लागूच पडत नाही. हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जातंतूंचा उगम छातीच्या वरच्या मणक्यांपाशी आहे. इजा त्याच्या वर असेल तर मेंदूचा ‘वेग वाढव’ हा निरोप खाली पोचत नाही. मग जीव तोडून पुश करणाऱ्या रग्बी खेळाडूचे ठोके मिनिटाला ११० ते १३० च्या आसपास अडकून राहतात. घड्याळाकडे बघून प्रशिक्षक ओरडतो, ‘अजून जोर लाव!’ आणि समोरचा माणूस आधीच टोकाला पोचलेला असतो. अशा ठिकाणी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची श्रम-श्रेणी जास्त कामाची. खेळाडूनं स्वतः सांगायचं, किती कठीण वाटतंय. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

त्याच इजेचा एक धोकाही आहे, आणि चाचणी घेणाऱ्याला तो माहीत नसेल तर त्यानं चाचणी घेऊच नये. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचं मूत्राशय भरलेलं राहिलं, पट्टा घट्ट बसला किंवा त्वचेला कुठे जखम होत असली, तर ते त्याला जाणवत नाही. पण शरीर त्याला उत्तर म्हणून रक्तदाब एकदम चढवतं. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागात घाम फुटतो. अशा वेळी आडवं झोपवायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे आणि कपडे सैल करायचे, लघवीची नळी दुमडली आहे का बघायचं, आणि रक्तदाब उतरत नसेल तर डॉक्टरकडे न्यायचं. काही खेळाडू पूर्वी हे मुद्दाम घडवून आणत, कारण चढलेल्या रक्तदाबानं कामगिरी वाढते. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीनं त्यावर बंदी घातली आहे. स्पर्धेआधी वरचा रक्तदाब १६० किंवा त्यावर आढळला तर खेळाडूला थांबवतात. आपल्या गावच्या चाचणीसाठी याचा साधा अर्थ असा: सुरुवातीआधी सगळ्यांना शौचालयात जाऊन येण्याची सोय हवी. व्हीलचेअर आत जाईल एवढ्या रुंद दाराचं शौचालय हे प्रकाशकिरणांच्या फाटकांहून आधी लागणारं साधन आहे. ते नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत, आणि तहानलेल्या शरीराची चाचणी कसली घ्यायची?

पाण्याचा विषय निघालाच आहे तर उकाडा. मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही किंवा फार कमी येतो. शरीर थंड ठेवायला उरतो तो वरचा भाग. भिवंडीच्या दमट हवेत तो घामही लवकर वाळत नाही, आणि पत्र्याच्या छताखाली दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. स्प्रेच्या बाटलीनं तोंडावर, हातांवर पाणी मारणं आणि पंख्याचा झोत ठेवणं हा स्वस्त उपाय. मोठ्या संघांकडे बर्फाची जाकिटं असतात. चाचणी सकाळी सातला घ्यावी, आणि पुढची चाचणीही सातलाच. सकाळची वेळ आणि दुपारची वेळ यांची तुलना करणं व्यर्थ आहे.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ असे गुण दिलेले असतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या पुढे जाऊ शकत नाही. रग्बीत ०.५ ते ३.५, चार जणांची मर्यादा ८. ही वर्गवारी. ती धडावर आणि हातांवर किती ताबा आहे ते बघून तज्ज्ञ करतात. तिचा हेतू असा की कमी ताबा असलेल्यालाही संघात जागा मिळावी. तंदुरुस्तीची चाचणी वेगळी. १.० गुणांचा खेळाडू ४.५ वाल्यापेक्षा हळू जाणारच. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या तीन महिन्यांपूर्वीच्या वेळेशी आणि इतर १.० वाल्यांशी करायची. १.० चा खेळाडू मोक्याच्या जागी आपली खुर्ची आडवी उभी करून प्रतिस्पर्ध्याला अडवतो, आणि त्यातून वाट मिळून ४.५ वाल्याचे दोन गुण होतात. त्या अडवण्यासाठी त्याला ३ मीटरची झटपट हालचाल लागते. २० मीटरच्या यादीत तो शेवटून पहिला असेना का. वर्गवारीच्या वेळी मुद्दाम ढिलं खेळून कमी गुण मिळवणं हा गंभीर गुन्हा मानतात. कोर्टवरच्या चाचणीचे आकडे आणि वर्गवारीचे गुण ही दोन वेगळी खाती आहेत, ती मिसळू नयेत.

अलीकडे नेदरलँड्सच्या संशोधकांनी चाचणीच थेट सामन्यात नेली आहे. दोन्ही चाकांवर एकेक आणि चौकटीवर एक असे तीन छोटे संवेदक बसवायचे. चाक किती फिरलं आणि खुर्ची किती वळली यावरून वेग, सुटण्याचा जोर, वळणांची गती सगळं नोंदलं जातं. यामागचं गणित साधं आहे. ६१ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १.९२ मीटर, म्हणजे २० मीटरला साडेदहाच्या जरा कमी फेरे. सायकलवर लावायचं लहानसं वेगमापक यंत्र, ज्यात चाकाच्या तारेवर चुंबक असतं, तेही याच तत्त्वावर चालतं. सराव सामन्यात एकूण किती किलोमीटर झाले हे कळायला ते पुरतं.

महाराष्ट्राला हे खेळ नवे नाहीत. खडकीच्या सैनिकी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जखमी जवान अनेक वर्षं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळत आले आहेत. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत १९५५ पासून उपचार चालतात. देशपातळीवर २०१४ मध्ये चेन्नईहून माधवी लता यांच्या पुढाकारानं व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन उभी राहिली, आणि राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ उतरतात. त्या संघांपर्यंत पोचायची वाट मात्र मुंबई-पुण्यातून जाते. भिवंडीतल्या मुलाला कसारा घाटापलीकडे जायचं नाही, तरी अंजूर फाट्यावरच्या कोंडीतून व्हीलचेअरसह बाहेर पडायचंय.

आणि गंमत अशी की चाचणीला लागणारं बहुतेक सामान भिवंडीत पडलेलं आहे. सपाट, कडक, न उखडलेली जमीन ही पहिली गरज. खडबडीत डांबरावर किंवा मातीच्या मैदानावर व्हीलचेअरची वेळ घेण्यात अर्थ नाही. भिवंडीच्या गोदामांत ट्रिमिक्सचा गुळगुळीत कोबा असतो, फोर्कलिफ्टसाठी केलेला. बास्केटबॉलच्या कोर्टाचं क्षेत्रफळ ४२० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४५०० चौरस फूट. कडेला मोकळी जागा धरून आठ हजार फुटांचा एक रिकामा गाळा पुरे, आणि मानकोली-पूर्णा भागात त्याहून कितीतरी मोठे गाळे आहेत. खेळाडूचं वजन घ्यायला घरगुती काटा चालत नाही, कारण त्याला उभं राहता येत नाही. गोदामातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर खुर्चीसकट चढवायचं, मग रिकामी खुर्ची चढवायची, वजाबाकी करायची. रग्बीवाल्याचा ढकलण्याचा जोर मोजायचा तर खुर्चीच्या मागे दोर बांधून खांबाला अडकवायचा आणि मध्ये माल उचलायचा हूकचा डिजिटल काटा लावायचा. खेळाडूनं पूर्ण ताकदीनं पुश केल्यावर काट्यावर जास्तीत जास्त किती किलो आले ते लिहायचं. दोर खुर्चीच्या चौकटीला, शक्य तितका खाली आणि आडवा बांधायचा, नाहीतर खुर्ची मागे उलटेल. मागचं छोटं चाक नसेल तर ही चाचणी करूच नये.

नोंदवहीत काय लिहायचं हेही ठरवून घ्यावं: तारीख, वेळ, तापमान, खुर्ची कोणती, टायरची हवा, पट्टे, खांद्याचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती. पहिल्या आठवड्यात तीच चाचणी तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा घ्यावी. समजा, एका मुलीची इलिनॉयची वेळ एकदा २९.४ आणि एकदा २८.९ आली. सराव तर झालेलाच नाही, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक आपोआपच पडतो. मग दोन महिन्यांनी २८.७ आली तर पेढे वाटू नयेत. २७.५ आली तर वाटावेत.

भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या शाळांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत, फिजिओथेरपी शिकून आलेली मुलं-मुली आहेत, गोदामांचे मालक आहेत. मालकांनी सुट्टीच्या एका सकाळी एक गाळा झाडून द्यावा, रॅम्प आणि शौचालयाचं दार तेवढं बघून घ्यावं. शिक्षकांनी मापपट्टी, खडू, कोन आणि मोबाइलच्या दोन तिवया आणाव्यात. पहिली चाचणी डिसेंबरात घ्या, दुसरी त्याच गाळ्यात, त्याच वेळी, फेब्रुवारीच्या अखेरीस. एप्रिल-मे मध्ये घेऊ नका.